साळवेच्या चौकटी

एंटरचं बटण दाबलं की वसंत साळवे खुर्चीतून उठायचा, भिंतीला पाठ लागेपर्यंत मागं सरकायचा, एक डोळा मिटायचा आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे असा बघायचा, जणू बस्त्याला आलेल्या बाईनं शालू दुकानाच्या दारात उजेडाला धरलाय. मग म्हणायचा, "दिघेसर, इकडं या. लांबून बघा. डाव्या बाजूला जरा जड वाटतंय का?"

पडद्यावर काय असायचं? एक चौकट. चौकटीत चार ओळी. बस्स. आणि ती चौकट बघायला अकाउंटचे लोक यायचे, टाइम ऑफिसचे यायचे, चहावाला तर ट्रे हातात धरून उभाच राहायचा. मी शेजारच्या खुर्चीवर अख्ख्या कारखान्याचा पगार पैशापर्यंत जुळवत बसलेला असायचो. माझ्यापर्यंत चहा पोचायचा तो गार होऊन.

हेवा करायचा तर तो कशाचा करावा, याला काही दर्जा असावा. कुणी शेजाऱ्याच्या बागायतीवर जळतं, कुणी मित्राच्या आवाजावर. मी एका माणसाच्या चौकटींवर जळत होतो, आणि अजूनही पुरता विझलोय असं नाही.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. देवळाली प्रवरेच्या बाजूच्या एका साखर कारखान्यानं कॉम्प्युटर घेतले आणि ते चालवायला साळवेला आणि मला एकदमच, तात्पुरतं, कामावर घेतलं. तो देवळालीचाच, मी नगरचा. दोघांतला एकच जण पुढं कायम होणार होता, संगणक विभागाचा प्रमुख म्हणून. त्या पदाबरोबर कॉलनीत दोन खोल्यांचं घर होतं. मी भाड्याच्या एका खोलीत राहत होतो, बायको सुनंदा कर्जतला माहेरी होती, आणि सासऱ्यांना मी सांगून बसलो होतो की पद माझंच आहे, नुसता कागद यायचा बाकी आहे. सासरे ते अख्ख्या कर्जतला सांगून बसले होते. त्यामुळे साळवे मला सहकारी म्हणून कधी दिसलाच नाही. तो मला कायम माझ्या घराच्या दारात पाय पसरून बसलेला दिसायचा.

आता त्या चौकटींचं कौतुक एवढं का, ते सांगायला हवं. त्या वेळचा कॉम्प्युटर आजच्यासारखा बोलका नव्हता. सुरू केला की काळा पडदा, कोपऱ्यात एक 'सी' आणि त्याच्यापुढं लुकलुकणारी रेघ. पुढचं तुमचं तुम्ही बघा. रोज त्याच त्या आज्ञा टाइप करायला नकोत म्हणून त्या एका फाइलमध्ये ओळीनं लिहून ठेवायच्या. त्या फाइलचं नाव टाइप केलं की आज्ञा एकामागून एक पाळल्या जायच्या. तिला बॅच फाइल म्हणत. सोय उत्तम, पण मुलखाची बावळट. लिहिणार ते एकाखाली एक. मधोमध लिही म्हटलं तर यायचं नाही, रंग यायचा नाही, आणि समोरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघणंही तिला जमायचं नाही.

साळवेनं तिला हे सगळं शिकवलं. त्यासाठी त्यानं मुंगीएवढे प्रोग्रॅम केले होते, प्रत्येकाला एकच काम, आणि नावं मराठी. 'जागा' म्हटलं की ती लुकलुकणारी रेघ सांगाल त्या ओळीत जाऊन बसायची. 'चौकट' म्हटलं की चौकट. 'हाक' म्हणजे टूं असा आवाज. 'थांब' म्हटलं की मशीन तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबायचं. 'विचार' म्हटलं की ते प्रश्न विचारायचं आणि 'हो'चा एच किंवा 'नाही'चा एन दाबल्याशिवाय हलायचं नाही, मग तुम्ही की-बोर्डवर डोकं आपटा. देवनागरी त्या मशीनला येत नव्हती, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. त्याची फाइल उघडून वाचली तर एखादी बाई अंगण सारवताना स्वतःशी बोलतेय असं वाटायचं: पूस, रंग, जागा, चौकट, थांब.

"ह्याला काय प्रोग्रॅमिंग म्हणायचं?" मी एकदा न राहवून म्हणालो. "मी सगळ्या पगाराचा प्रोग्रॅम केला. तुमचा हा 'थांब' काय करतो? थांबतो."

"व्हय," साळवे म्हणाला, "पण कुणासाठी थांबतो ते बघा ना सर." आणि खिशातला कंगवा काढून त्यानं भांग पाडला. आपलं एखादं वाक्य जमलं असं वाटलं की तो भांग पाडायचा. दिवसभरात त्याचे केस कधी विस्कटलेले मी पाहिले नाहीत, यावरून काय ते समजा.

नम्रपणा त्याच्या अंगात नावाला नव्हता. कौतुक तो मागून घ्यायचा, आणि मोघम चालायचं नाही. चहावाला म्हणाला, "लई भारी," की हा विचारणार, "लई भारी काय, ते सांग." बिचारा चहावाला चौकटीच्या कोपऱ्यांविषयी बोलायला शिकला होता. मोठं काम मात्र साळवेच्यानं तडीला जायचं नाही. पगाराचा प्रोग्रॅम आधी त्याच्याकडेच होता. प्रॉव्हिडंट फंडापाशी आल्यावर त्याचं मन उडालं आणि त्यानं तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सर, हे तुमच्यासारख्या चिवट मानसाचं काम हाय." मी ते कौतुक समजून घेतलं. चिवट हा शब्द आपण भेंडीलाही वापरतो, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

अकाउंटच्या पवारबाईंची गोष्ट तर कारखानाभर झाली. बाईंनी एकदा भलतंच बटण दाबून मागच्या हंगामाच्या सगळ्या नोंदी पुसायची ओळ निवडली. माझा प्रोग्रॅम असता तर नोंदी गेल्या असत्या, आणि सूचना नीट वाचत चला असं मी बाईंना सुनावलं असतं. पण तो पडदा साळवेचा होता. टूं वाजलं, मधोमध चौकट आली आणि आत अक्षरं उमटली: 'बाई, खरंच पुसू का? आधी चहा घेऊन या.' बाईंनी घाईघाईनं एन दाबला आणि खरोखरच चहा आणला. त्याच्यासाठी. मला म्हणाल्या, "दिघे, तुमचं मशीन असं आपुलकीनं का हो बोलत नाही?"

"माझं मशीन पगार काढतं, बाई."

"ते काढतं हो. पण तोंड पाडून काढतं."

त्या दिवशी मी ठरवलं, ह्याची विद्या काढायचीच. साळवे कामानिमित्त बाहेर गेलेला बघून मी 'थांब'ची फाइल पडद्यावर उघडायला सांगितली. आत मला समजेल असं काही असेल ही माझी अपेक्षा. ती फाइल मशीनच्या भाषेतली. तिनं पडद्यावर बदामाची चित्रं, हसरे चेहरे आणि उलटेपालटे कंस ओतले, आणि टूं टूं करून बोंब ठोकली. दारातून आवाज आला, "अवो सर, मला विचारायचं ना! सरका." परत आलेला साळवे माझ्या खुर्चीच्या हातावर बसला आणि त्यानं सगळं उलगडून दाखवलं. पडद्याची प्रत्येक जागा मशीन कुठं ठेवतं, अक्षर कुठं लिहायचं, रंगाचा आकडा कुठं, बटण दाबल्याचं कसं ओळखायचं. हातचं काही न राखता. ज्याच्यावर जळावं त्यानं निदान थोडं लपवून ठेवायचा सभ्यपणा दाखवावा. म्हणजे आपल्या जळण्याला काही आधार राहतो. साळवेनं तेवढीही सोय ठेवली नाही.

मग मीही तसलेच प्रोग्रॅम केले, पण नावं अस्सल इंग्रजी, पुस्तकात शोभतील अशी. साळवेनं ती वाचली. "सर, इंग्रजी नाव ठिवल्यावर ते जास्त पळतं का?"

पावसाळा संपता संपता एम.डी. साहेबांनी दोघांना बोलावलं. नव्या हंगामापासून उसाच्या गाड्यांचं वजन कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं. काट्यावर भागवतनाना नावाचे जुने कारकून होते. त्यांना वापरता येईल असा पहिला पडदा करायचा. "दोघंही करा," साहेब म्हणाले. "हंगाम सुरू होताना, मोळीच्या दिवशी, चेअरमन साहेबांसमोर दोन्ही चालवू. ज्याचा चालेल त्याची ऑर्डर काढतो." मी त्याच दिवशी कर्जतला फोन केला आणि सुनंदाला भांडी बांधायला लावा म्हणून सासऱ्यांना सांगितलं.

कारखान्यात रंगीत मॉनिटर एकच, एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये, आणि तोही कापडी कव्हराखाली झाकलेला. साहेबांची परवानगी काढून मी तिथं बसलो. निळं शीर्षक, पिवळ्या ओळी, निवडलेली ओळ लालभडक पट्ट्यात. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इंचभर जागा सोडली नाही. साहेब म्हणाले, "वा, दिवाळी आली." मी तरंगतच बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात साळवेनं मला जेवायला घरी नेलं. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचा पडदा बघायचा होता. घर छोटं, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि दोन्ही तसबिरी एका रेषेत, हे सांगायला नकोच. आई उंबऱ्याशी शेंगा फोडत होती. बायको मंदा, झेडपीच्या शाळेत शिक्षिका. ताटं मांडल्यावर ती म्हणाली, "भावजी, तुम्ही सुरू करा. हे आधी ताट लांबून बघतील. परवा म्हणाले, लोणचं उजवीकडं सरकव."

"मग? सरकवल्यावर बरं दिसलं का न्हाई?"

"दिसलं. पण चटणीच्या जागी हात गेला सासूबाईंचा, आणि नाकातोंडात ठसका बसला."

"ह्याच्या बापाला असली खोड नव्हती," आई म्हणाली. "त्यो मिळंल ते खायाचा."

जेवण झाल्यावर त्यानं आलेखाचा कागद पसरला. त्यावर काट्याचा पडदा. एका घरात एक अक्षर. चौकट खाली सरकलेली, आणि वरचा बराच भाग चक्क कोरा.

"इथं काय येणार?" मी विचारलं.

"काय न्हाई. मोकळं सोडायचं."

"एवढी जागा वाया?"

"तुमी काट्यावर जाऊन बसा एकदा सर. नानांच्या खुर्चीत. मी बसलो चार-पाच दिवस. म्हंजे कळंल."

हेही त्यानं सांगितलं. आयतं सांगितलं. पण काट्यावर धूळ असते, पाचट उडतं, आणि माझी पॅन्ट नवी होती. शिवाय ज्याच्याशी चुरस त्याचा सल्ला ऐकायचा म्हणजे अर्धं हरल्यासारखंच. मी परत येताना एस.टी.त मनाशी हसत होतो, की गड्यानं पाव पडदा फुकट घालवलाय.

मोळीचा दिवस उजाडला. चेअरमन साहेबांनी गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकली, नारळ फुटले, आणि सगळा लवाजमा काट्याच्या केबिनमध्ये शिरला. बाहेर उसानं भरलेल्या गाड्या आणि ट्रॅक्टर रांगेत. पहिला मान माझा, कारण तो मी मागून घेतला होता. मी माझा पडदा सुरू केला, बाजूला झालो, आणि पूजेसाठी नाना पुढं आले. त्यांनी मॉनिटरला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली, आणि झेंडूची मनगटाएवढी जाड माळ वरून अशी सोडली, की माझं शीर्षक आणि वरच्या सगळ्या ओळी फुलांआड गेल्या.

चेअरमन साहेब वाकले. "कुठंय?"

"फुलांच्या मागं हाय, सायेब," नाना म्हणाले.

"मग फुलं काढा."

नानांनी कानाला हात लावले. "आज? मोळीच्या दिवशी? आन् काट्यावरची माळ आमी कदीच काढत न्हाई सायेब, सुकून आपली आपन पडती. तुमी म्हनत असाल तर कॉम्प्युटर काढतो."

तेवढ्यात मागून साळवे पुढं आला. त्यानं माळ दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि लग्नात अंतरपाट धरतात तशी वर धरून उभा राहिला. "चालू द्या सर," मला म्हणाला, "मी धरतो."

मला वाटलं त्यानं ती सोडून द्यावी. किंवा कारखान्याचा भोंगा वाजावा. काहीही व्हावं. पण व्हायचं ते पुढंच होतं. काट्यावरचा मॉनिटर साधा, काळापांढरा. त्याला रंग दिसत नव्हते. माझी सगळी दिवाळी विझलेली. निळ्या अक्षरांचं त्या मॉनिटरनं काय करावं? त्यांच्याखाली रेघा ओढल्या.

"दिगे सायेब," नानांनी चष्मा सारखा केला, "ह्या रेघांवर सही करायची का?"

"ती निळी अक्षरं आहेत, नाना."

"कुठं निळी?"

"तुम्ही फक्त बाण दाबा. भरलेली गाडी निवडा. लाल पट्टा येईल."

"कुठं लाल?"

पट्टा होता, पण दिसणार कसा? निवडलेली ओळ आणि न निवडलेली ओळ, सगळ्या बहिणी-बहिणी. मीच पुढं होऊन बाण दाबले, मनात ओळी मोजल्या, देवाचं नाव घेतलं आणि एंटर मारलं. प्रिंटर किरकिरायला लागला. मी निवडलं होतं 'दिवस बंद'. कागदावर त्या दिवसाची एकूण बेरीज आली, शून्य.

चेअरमन साहेबांनी कागद फाडून हातात घेतला. "संपला का हंगाम?"

बाहेर ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न दिले. सगळे हसले, मी जरा जास्तच हसलो, कारण चेहऱ्याचं दुसरं काही करता येईना. माळ धरून उभा असलेला साळवे तेवढा हसला नाही. त्यानं तिथूनच हळू आवाजात म्हटलं, "सर, खालून दुसरी ओळ," पण माझ्या कानाला तेव्हा काही ऐकायचं नव्हतं.

मग त्यानं माळ सोडली आणि आपला पडदा लावला. माळ जिथं संपत होती त्याच्याखाली त्याची चौकट सुरू होत होती. निवडलेली ओळ काळ्यावर पांढरी न राहता पांढऱ्यावर काळी, आणि शेजारी एक बाण. नानांनी बटण दाबलं, गाडीचं वजन आलं, पावती आली. चेअरमन साहेब म्हणाले, "सरका नाना," आणि पुढची पावती त्यांनी स्वतः काढली. साळवेनं मागं भिंतीकडं सरकायचा प्रयत्न केला, पण केबिनमध्ये इतकी माणसं होती की त्याला मागं जाताच येईना. कंगवा मात्र निघाला.

संध्याकाळी एम.डी. साहेबांनी त्याला प्रमुख केलं. मला सहायक म्हणून ठेवलं, पगाराचं काम मी करतो म्हणून; आणि तेही साळवेनं सांगितलं म्हणून, हे मला नंतर कळलं. घराचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "सायेब, मला घर नको. आई देवळाली सोडायची न्हाई. दिघेसरांना द्या. वहिनींना किती दिवस कर्जतला ठिवायचं?"

माझ्या तोंडात 'नको' तयार होतं. पण सुनंदा डोळ्यांसमोर आली, तिच्या मागं बांधलेली भांडी, आणि भांड्यांमागं सासरे. मी 'थँक्यू साळवे' म्हणालो. इतकं आंबट थँक्यू त्या तालुक्यात कुणी म्हटलं नसेल.

सुनंदा आली आणि घर लागलं. पण ते घर माझं कधी झालंच नाही. दूध उतू गेलं तरी ती म्हणायची, "साळवेभावजींमुळं निदान ओटा तरी मिळाला." मुलगा झाला तेव्हा बारशाचा पाळणा कुठं टांगायचा हे त्यालाच विचारलं. त्यानं खोलीच्या चारही कोपऱ्यांतून बघून जागा सांगितली. नको तिथं टांगला असता तर मला तेवढंच बरं वाटलं असतं. पण मुलगा तिथं गाढ झोपायचा. ऑफिसात साळवे मला 'सर'च म्हणत राहिला. प्रमुख तो, सर मी. हेही एक.

पुढं साळवेला मुलगी झाली, आणि मग मंदावहिनींची बदली कर्जत तालुक्यात झाली. साळवेनं तिकडच्या एका दूध संघात काम बघितलं. आई, जी देवळाली सोडणार नव्हती, ती नातीसाठी निघाली. सुनंदानं त्याला लगेच आपल्या वडिलांचा पत्ता दिला. आता सासरेही त्याच्या बाजूला जाणार, हे मला तेव्हाच कळून चुकलं. आणि ते गेलेच.

पण पद रिकामं झालं होतं, आणि ह्या वेळी चुरशीला कुणी नव्हतं. ऑर्डर आली. त्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. हीच ती खुर्ची. मऊ होती, हातांचं रेक्झीन थोडं फाटलेलं. दाराबाहेर पाटी लागायची होती, पण मला ती आत्ताच दिसत होती. बोलायला मात्र खोलीत कुणी नव्हतं. अकाउंट रिकामं, टाइम ऑफिस रिकामं, चहावालासुद्धा गेलेला. सगळे त्याला गेटपर्यंत पोचवायला गेले होते. मी काम आहे म्हणून थांबलो होतो.

काट्यावरून इंटरकॉम वाजला. नानाही गेटवर असणार, कारण आवाज बदलीवरच्या माणसाचा होता.

"साळवे सायेब हायेत का?"

"साळवे गेले. मी दिघे बोलतोय. प्रमुख. काय अडलंय?"

"न्हाई, ऱ्हाऊ द्या मग. बगतो आमचं आमी."

रिसीव्हर हातात तसाच धरून मी खिडकीशी आलो. ऊस खाली करून परत निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं साळवेला मडगार्डवर बसवून घेतलं होतं. मागच्या रिकाम्या ट्रॉलीत त्याची सायकल आडवी पडलेली, आणि साखरेची पिशवी. गेटवर ही गर्दी. पवारबाई पदर डोळ्यांना लावून उभ्या, नाना हात जोडून, आणि त्यांच्या पुढं, सगळ्यांत पुढं, मुलाला कडेवर घेतलेली सुनंदा. मुलाचा हात धरून ती टाटा करत होती. साळवे काहीतरी ओरडून सांगत होता आणि सगळे हसत होते. काय सांगत होता ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही.

मीही हात हलवला. त्याला दिसला नसावा. बरंच झालं, दिसला असता तर तो ट्रॅक्टर थांबवून, उतरून, मला भेटायला वर आला असता.